करवंदीच्या जाळ्या

५ जाने. १९५४, बदलापूर गाव
रेंजरसाहेबांचा निरोप. पुढच्या आठवड्यात जंगलाचा चराईला बंद केलेला तुकडा बघायला येणार. तोडीनंतर ऐनाची रोपं आपसूक किती उगवली, ते दाखवायचं. रोपं भरपूर, पण सगळी करवंदीच्या जाळ्यांत दडलेली. साहेबांना काय काटे दाखवू? उद्यापासून जाळ्या साफ.

७ जाने.
दोन दिवस कोयता चालवला. हातांची चाळण. पण रोपं कशी उघडी, ऐटीत उभी. खरवईची नामीबाय गावची गुरं राखते, ती वाटेवरून बघत होती. म्हणाली, "गारडदादा, जाली कनाला तोरली? आता गुरां तोंड घालतीन."
मी म्हटलं, तू गुरं आवर, जंगल मी बघतो. उगाच चढ्या आवाजात.

९ जाने.
रोपांचे शेंडे गेले. पाणी पिऊन परतताना गुरं शिरली, नुसत्या काड्या राहिल्या. इतकी वर्षं काट्यांनी राखलं, आणि मीच मूर्खासारखं... नोकरी कायम नाही. बायकोला, शांताला, सातवा महिना लागलाय. जेवण गेलं नाही.

१० जाने.
रिपोर्ट पाठवला. 'गावची गुरे शिरल्याने रोपांचे नुकसान.' खोटं नाही. जाळ्यांचं लिहिलं नाही. गुरं कोंडवाड्यात जातील, ना.बायची राखण जाईल. शांता म्हणाली, "तिचं पोट त्यावरच ना?" रिपोर्ट परत मागवला नाही. भ्यालो, दुसरं काय.

१२ जाने.
ना.बाय तुकड्यात. तोडलेले काटे ओढून एकेका काडीभोवती रचत होती. "बुंधा जिता हाय, फुटंल." तिला रिपोर्टचं ठाऊक नाही. मीही रचू लागलो. तिच्याकडे बघवेना.

१४ जाने.
साहेब आले. काटे हलवून जाळ्यांच्या खोडांवरचे घाव बघितले. "गुरं कोयत्याने खातात होय?" मी वाकून काटे सारखे करू लागलो. मग म्हणाले, "जाळ्या कोणी तोडल्या?" ना.बाय तिथेच, कमरेला कोयता. साहेबांची नजर त्यावर गेली. मी तेव्हाही बोललो नाही. बोलायला हवं होतं.
"उद्या दहाला दोघंही ऑफिसात या."
परतताना ती माझ्या पुढे चालत होती. खरवईच्या फाट्याशी थांबली. "गारडदादा, तुज्या घरी पोर व्हायचाय. उद्या मी काय सांगू?"
ती अजून फाट्याशीच उभी असेल असं वाटतंय. मी पाठ फिरवून घरी आलो.