सर्जेरावांचं पाणी, माझं पित्त

१२ एप्रिल २०१९
अंगावर पुन्हा पित्त उठलं. पोटावर, मांड्यांवर लालबुंद गांधी. बायकोनं, कालिंदीनं, आमसुलाचं पाणी चोळलं, वर म्हणाली, "आता फक्त फोडणी राहिली." परवा मेडिकलमध्ये 'पित्ताची गोळी' मागितली, त्यानं आम्लपित्ताची दिली. ढेकर थांबले, खाज तशीच. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी!

१४ एप्रिल
कारण सापडलं — टँकरचं पाणी! सोसायटीचा सचिव म्हणून दोन पानी तक्रार लिहिली. सर्जेराव सहा वर्षं आम्हाला टँकर पुरवतात. असू देत. विज्ञान ते विज्ञान.

१७ एप्रिल
मेडिकलवाल्यानं आज खाजेची गोळी दिली. खाज गेली, मीही गेलो — सोसायटीच्या मीटिंगमध्ये चक्क घोरलो. सर्जेराव बाजू मांडायला आले होते. ते काय म्हणाले ते कालिंदीनं घरी आल्यावर सांगितलं : "त्याच हिरीचं पाणी माझी नात पेती. पाह्यजे तर तपासून घ्या." मला जाग आली तेव्हा ठराव पास होऊन चहा आला होता. सोमवारपासून दुसऱ्याचा टँकर.

२६ एप्रिल
चार दिवस वैजापूरला बहिणीकडं. पाणी तिच्या बोअरचं. तरी गांधी उठल्या, पार तळपायापर्यंत. म्हणजे सर्जेरावांच्या पाण्यात काही नव्हतं.
कुणाला सांगितलं नाही.

२९ एप्रिल
कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. पोरगीच आहे. "काका, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पाण्याला कशाला बोल लावता?" झोप न आणणारी गोळी दिली. रोज एक, खाज नसली तरी.

६ मे
अंग साफ. दुपारी पेंगत नाही, पेपरातलं कोडं पुरं होतं. जिन्यात शेजारचे अप्पाराव भेटले. "बघा सर, पाणी बदललं अन् तुम्ही बरे झाले!" हे ते सगळ्यांना सांगत फिरतात. बायपासवरच्या आणखी दोन सोसायट्यांनी सर्जेरावांना नको म्हटलंय. मी म्हणालो, "ती गोळी..." ते म्हणाले, "गोळ्या काय, सगळेच घेतात." मी हसलो. माझी मलाच शिसारी आली.

९ मे
चौकात सर्जेराव भेटले. टँकर रिकामा उभा. त्यांनीच विचारलं, "सर, अंगाची आग थांबली का? लई तरास झाला तुम्हाला." घरी येऊन गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली.

१२ मे
तीन दिवस गोळी घेतली नाही. नव्या टँकरचं पाणी पोटभर प्यालो. गांधी मनगटापर्यंत आल्यात. सहाला मीटिंग बोलावलीय, सर्जेरावांनाही. हाफ शर्ट घालून निघालोय.