भावी डॉक्टर

अण्णा, तुमची नात डॉक्टर व्हायला परदेशी निघाली आहे. हे वाक्य तुम्हाला ऐकवायचं म्हणून मी कित्येक महिने मनात घोळवत होते, आणि आज लिहायला बसले तर त्यातला आनंद सापडत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, तुमच्या चष्म्याची काडी तोंडात घालायची. आता तिला स्वतःचा चष्मा आहे. त्याच्यावरून ती माझ्याकडं बघते तेव्हा मला वर्गातले तुम्ही आठवता. नजर अगदी तुमची. फक्त तुमच्या नजरेमागं कुठंतरी हसू असायचं.

नीटची परीक्षा तिनं दोनदा दिली. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं आणि इथल्या खाजगीचं नाव काढायची आमची ऐपत नाही. मग हे तिला सोलापूरच्या एका माणसाकडं घेऊन गेले. असल्या माणसाला आता समुपदेशक म्हणतात, तुमच्या वेळी दलाल म्हणायचे. त्यानं सांगितलं, बाहेरच्या देशात पदवी आणि मेडिकल एकाच अर्जात मिळतं. आधी पदवीची वर्षं, मग तिथंच पुढं डॉक्टरकी, मधे पुन्हा प्रवेश परीक्षा नाही. मी विचारलं, तिकडचं शिक्षण आपल्याकडं चालतं का? तो म्हणाला, ‘मॅडम, ते पुढचं पुढं बघू.’ हे मान डोलवत होते. मीही डोलवली. पोरगी दोन वर्षं अंधाऱ्या खोलीत पुस्तकं घेऊन बसली होती, हसायची विसरली होती. कुणी दार दाखवलं की त्यापलीकडं काय आहे हे विचारायचं बळ आमच्यात उरलं नव्हतं.

‘मार्क सगळ्यांकडं असतात,’ असं तो तिला म्हणाला. ‘तिकडं त्यांना सेवेचा अनुभव लागतो. व्हिडिओ करा. गावातली एखादी म्हातारी घ्या. तुझ्यामुळं तिच्यात फरक पडलेला दिसला पाहिजे.’

तर अण्णा, अशी आमच्या ओट्यावर सेवा सुरू झाली. बीपीचं मशीन आणलं, पांढरा ॲप्रन शिवून घेतला, आणि मी मोबाईल धरून उभी. पहिल्या दिवशी चार बाया लाजत आल्या. नंतर रांग लागायला लागली. त्यात माझ्या धाकट्या दिरानं एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स लावला. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली पोरगी, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘भावी डॉक्टर’. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! कुर्डुवाडीच्या गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी तिचं तोंड बघायचा. ‘भावी’ कोण वाचतं? लोक रिपोर्ट घेऊन यायला लागले. कुणाचं लेकरू, कुणाचा गुडघा. आणि ती उत्तरं द्यायला लागली.

तेव्हा मला आपलं जुनं घर आठवलं. माझी बारावी झालेली, निकाल लागायचा होता, आणि शेजारच्या काकूंनी मला मेडिकल मिळणारच म्हणून पेढे आणले होते. आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तुम्ही पुडा हातात घेतला, पुन्हा काकूंच्या हातात ठेवला आणि म्हणालात, ‘वहिनी, अजून काही झालेलं नाही.’ मी चुलीपाशी रडले. आई म्हणाली, ‘लई कठोर हायेत हे.’ मला तुमचा इतका राग आला होता की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. फ्लेक्सखालून जाताना मला वाटतं, तुम्ही असता तर स्वतः शिडी लावून तो उतरवला असता. मी त्याच्यासोबत फोटो काढला.

व्हिडिओसाठी म्हातारी सापडली ती म्हणजे मणियार गल्लीतली चाची. तुम्हाला ती आठवत असणार. माझ्या लग्नात तिनंच हिरवा चुडा भरला होता, आणि माझा हात दाबत तुम्हाला म्हणाली होती, ‘गुरुजी, पोरीचा हात लई मऊ हाय, सासरी जपाया सांगा.’ चाचीचं बीपी जास्तच असायचं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या तिच्या. पहिल्या व्हिडिओत आमच्या लेकीनं तिला मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं-पापड बंद करायला सांगितलं. चाची कौतुकानं ‘व्हय बेटी, व्हय’ करत राहिली. महिन्याभरानं दुसरा व्हिडिओ. मी मोबाईल धरलेला. मशीन थांबलं, लेकीनं आकडा बघितला आणि चेहरा उजळला तिचा. कॅमेऱ्याकडं बघून इंग्रजीत बोलली, मग चाचीला म्हणाली, ‘आता एकदम नॉर्मल आहे चाची.’

चाची म्हणाली, ‘आगं बया! मंग त्या गोळ्या कशाला खाऊ आता? झालंच की बरं.’

मी ऐकलं. तोंड उघडलंही होतं. पण मोबाईल माझ्या हातात होता, माझा आवाज त्यात गेला असता, आणि पोरगी तेवढ्यात चाचीच्या खांद्यावर हात ठेवून छान हसत होती. असं हसताना मी तिला फार दिवसांनी बघत होते. म्हटलं, झाल्यावर सांगू. झाल्यावर चाचीला मी चहा दिला, तिच्या नातवाच्या सुंतेची गोष्ट निघाली, आणि ते राहून गेलं. आमची बघेल, शिकलेली आहे, असंही वाटलं असेल मला.

त्यानंतर चाची रस्त्यात भेटली की दोन्ही हातांनी माझ्या गालांवरून बोटं फिरवायची. ‘तुझ्या पोरीनं बरं केलं मला.’ तिचं तोंड लालसर दिसायचं, डोकं धरून चालायची. ‘ऊन लई हाय,’ म्हणायची. मी म्हणायचे, हो ना चाची, लई ऊन. असं दोनदा तरी झालं, आणि दोन्ही वेळा गोळ्यांचं विचारावं असं मनात येऊनही मी तशीच पुढं गेले.

मग एका सकाळी ती चुलीपुढं पडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. धाराशिवला नेली, जगली. तिची सून आमच्याकडं आली ती भांडायला नाही, अण्णा. ती रिपोर्टची पिशवी घेऊन आली होती. ‘बेटीला जरा बघाया सांगा. तिथले डॉक्टर घाईघाईत बोलत्यात, आमाला कळत न्हाय. त्यांनी इचारलं, गोळ्या सोडल्या व्हत्या का. अम्मीला तर आता बोलताच येईना.’ आमच्या लेकीनं चष्मा वर सारला, एकेक कागद उजेडाला धरला आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. सुनेनं जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

पुढच्याच आठवड्यात तिची मुलाखत होती, ऑनलाइन. तिकडचे दोघं लॅपटॉपच्या पडद्यावर, आणि पडद्यामागं, त्यांना दिसणार नाही अशी, मी. त्यांना तो व्हिडिओ फार आवडला होता. इंग्रजी मला तुमच्यामुळं येतं, तेव्हा मला कळलं त्यांनी काय विचारलं ते. ती आजी आता कशी आहे, असं त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं. प्रेमानं विचारलं. मी लेकीकडं बघितलं. आदल्या दिवशीच ती चाचीला खिमटीचा डबा देऊन आली होती, चमच्यानं भरवूनही आली होती. ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, छान आहे, मला रोज आशीर्वाद देते.

प्रयोगशाळेतला तो दिवस तेव्हाच आठवला. मी थर्मामीटर न बघता पुस्तकातला आकडा वहीत लिहिला होता, आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर पान फाडून म्हणाला होतात, ‘आधी बघायचं, मग लिहायचं. यात बाप-लेक नाही.’ घरी आल्यावर मात्र तुम्हीच मला गूळ-शेंगदाणे दिलेत. माझ्या लेकीला मी फक्त गूळ-शेंगदाणेच देत आले बहुतेक.

प्रवेशाचं पत्र आलं. हे रडले, दिरानं फटाके वाजवले, फ्लेक्सवर नवीन फ्लेक्स चढला. चाचीला बातमी कळली तेव्हा तिनं डावा हात वर केला म्हणे. पोरगी खूश आहे, भरभर बोलते, रात्री नीट झोपते. ती खरंच हुशार आहे अण्णा, आणि चाचीवर तिची माया नाही असंही नाही. डबा तीच नेते. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. पुढं तिच्यासमोर अशी किती माणसं हात पुढं करून बसणार आहेत. ती तिकडं शिकणार, इकडं परवानगी मिळो न मिळो, कुठंतरी खुर्चीत बसणारच आहे.

काल तिची बॅग भरत होते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, ॲप्रन. न राहवून मी विचारलं, ‘तुला आठवतं का गं, चाची त्या दिवशी गोळ्यांचं काहीतरी म्हणाली होती?’

‘हो ना,’ ती चार्जरची वायर गुंडाळत म्हणाली. ‘व्हिडिओ जोडताना चार-पाच वेळा ऐकलं मी. मग कापलं ते. लांबत होतं.’

तिनं वायर बॅगेत ठेवली आणि चटणीचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं. मी तिला विचारायला हवं होतं, ऐकलंस तेव्हा चाचीकडं का नाही गेलीस? तिच्या बाबांना हाक मारायला हवी होती. नाहीतर तिला हाताला धरून मणियार गल्लीत न्यायला हवं होतं, त्या सुनेसमोर. यातलं काहीच मी केलं नाही. तुमच्यापाशी लपवून उपयोग नाही, म्हणून लिहिते. ते ऐकलं तेव्हा मला आधी राग आला नाही, भीतीही वाटली नाही. ती नंतर आली. आधी मला हायसं वाटलं, की चला, कापलंय ना, म्हणजे आता कुणाला दिसणार नाही.