सतरा नंबरची खाडाखोड

अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण रेवाच्या जुन्या शाळेतून कोचबाईंचा फोन आला. रेवाचा लॅक्रॉसमधला गोलांचा विक्रम एक मुलगी मोडायला आलीय. दोनच गोल कमी आहेत. खात्रीसाठी जुन्या स्कोअरच्या वह्या मिळतील का, असं विचारत होत्या. "बघते" म्हणून मी घाईने फोन ठेवला.

का ठेवला, ते तुम्हाला ठाऊक आहे. चार वर्षं स्कोअरची वही तुमच्या हातात होती. बाकीचे आईबाप संत्र्याच्या फोडी आणायचे, तुम्ही मात्र स्कोअरच्या टेबलाशी. आणि काठीच्या जाळीतून धडाधड गोल मारणारी आपलीच लेक! वाढणारा आपला असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात, ते काय उगाच?

परतताना गाडीत मी दर वेळी विचारायची, "नक्की पाच गोल?" तुम्ही नुसते वायपर चालू करायचात. घरी आलं की डायनिंग टेबलावर खोडरबर निघायचं. मी पाहिलंय हो! पेनाने का नाही लिहिलंत कधी?

गराजमध्ये तुमच्या रेनकोटखाली वह्या सापडल्या. पानोपानी खाडाखोड. हरवल्या म्हणून सांगावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. पोरीचं नाव शाळेच्या विक्रमांच्या भिंतीवरून उतरलं असतं तर मी काय करणार होते?

रविवारी रेवा बेलव्ह्यूच्या तिच्या घरून आली. तिने एक पान खिडकीशी तिरकं धरलं आणि खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"आई, तुला वाटतं त्याच्या उलटं आहे. खोडलेला नंबर सतरा आहे. माझा. वर दुसऱ्या मुलींचे नंबर लिहिलेत."

जिथे म्हणून गर्दीत चेंडू दुसऱ्या कोणाच्या काठीला लागला असा जरा संशय, तिथे तुम्ही गोल दुसरीला देऊन टाकलात. आम्ही मोजले. असे अकरा गोल निघाले.

"तुला हे आधीच माहीत होतं?" मी विचारलं.

"ऑफकोर्स. तू रोज गाडीत 'नक्की?' विचारायचीस. बाबांना तेच टेन्शन असायचं."

मी समजत होते, तुम्ही लोकांना घाबरून टेबलाशी इतके ताठ बसायचात. तुम्ही मला घाबरत होतात! एकदा तरी माझ्यावर ओरडायचंत. माझ्या संशयापायी पोरीच्या ताटातलं काढून दुसऱ्यांना वाढलंत, आणि पोरगीही गप्प राहिली. मला फार लाज वाटली.

अजून एक संशय आहे. रद्दी तुम्ही चारदा काढलीत, मग या वह्याच कशा उरल्या? माझ्या हाती लागाव्यात म्हणूनच ना?

अकराचं कोचबाईंना सांगू का, असं मी रेवाला विचारलं. ती म्हणाली, बाबांनी लिहिलंय तेच राहू दे. वह्या मी तशाच देते.

आणि शब्द देते. ती मुलगी विक्रम मोडेल तेव्हा मी रेवाशेजारी पावसात उभी राहून टाळ्या वाजवीन. परतताना रेवा कितीही गोल सांगू दे, मी "नक्की?" असं विचारणार नाही.

तुमचीच,
सुनंदा