ओसियेकला यायला कुठलाच ऋतू बरा नाही

आदरणीय पेरीना आत्या,

तुला मनापासून नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांनाही, कारण गेल्या पत्रात तू स्वतःपेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त लिहिलं होतंस. बेटावर वारा कसा आहे? छपराची कौलं जागेवर आहेत ना? इकडे मी तसा ठीक आहे. रक्तदाब आहे, छातीत धडधड आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, ‘काही नाही झालेलं तुम्हाला,’ आणि त्या असं म्हणाल्या की मला जास्तच घाबरायला होतं.

तू विचारलंस की लग्न होऊन बेटावर गेल्यापासून ओसियेक नीट पाहिलं नाही, तर आता कुठल्या ऋतूत येऊ. मी पुष्कळ विचार केला. आत्या, तू येऊच नकोस. कुठलाच ऋतू धड नाही. गेलं वर्षभर मी एकेक ऋतू अंगावर घेतलाय, तेव्हा माझं ऐक.

कशासाठी अंगावर घेतला, ते तुला माहीतच आहे. रोझिका. (साखर कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर होती ती, हसताना नाक फेंदारणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली.) ती राहते द्रावा नदीच्या पलीकडच्या तीरावर, मी अलीकडे. दर शनिवारी ती सायकलवरून पूल ओलांडून बाजाराला येते. गेल्या वर्षी मी कांद्यांच्या ढिगापाशी तिला गाठून म्हटलं, ‘रोझिका, मला एक विचारायचं होतं.’ ती म्हणाली, ‘मग माझ्या दारात ये, टोपी काढ आणि विचार. इथे कांद्यात काय विचारतोस?’ बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे बाईला लग्नाचं विचारायचं तर तिच्या उंबऱ्यावरच विचारतात. पण त्यासाठी नदी ओलांडावी लागते, आणि माझी तर पाण्याच्या नुसत्या आवाजाने पाचावर धारण बसते. आमचा पायी चालायचा पूल तारांनी टांगलेला आहे. टांगलेला, आत्या! दोरीवर कपडे टांगतात तसा. (मोटारींचा दुसरा पूल आहे, हे मला सांगू नकोस. त्यावरून बस जाते. बस मधेच बंद पडली तर मी कुठे उतरू?)

आधी वसंत घे. लोक म्हणतात लायलॅक फुलतो, चेस्टनटला पालवी येते. येते ना, पण त्याच वेळी वर डोंगरातला बर्फ वितळतो आणि द्रावा फुगते. मी लायलॅकचा गुच्छ घेऊन निघालो, पुलावर थोडा गेलो आणि खाली बघितलं. तांबूस पाणी, त्यातून उपटलेली झाडं चाललेली, आणि एका झाडावर जिवंत कोंबडी. ती माझ्याकडे बघत गेली. तेवढ्यात शाळेची सहल आली आणि ती कार्टी पूल हलावा म्हणून एका तालात उड्या मारायला लागली. मास्तर हसत होते! कठडा धरून मी उलटा उलटा परत आलो आणि गुच्छ पहिल्या दिसलेल्या बाईला देऊन टाकला. ती आमच्या भटारखान्याच्या मालकाची बायको निघाली. तेव्हापासून तिथे मला शिळा पाव मिळतो.

उन्हाळ्यात तराफा सुरू होतो, प्राणिसंग्रहालयाकडे नेतो तोच. त्याला इंजिन नाही. तारेला बांधलेला असतो आणि नदीचा प्रवाहच त्याला पलीकडे ढकलतो. म्हणजे जिची भीती वाटते तिच्याच मर्जीवर जायचं. तरी मी चढलो, डोळे मिटले आणि हाताला लागलं ते घट्ट धरलं. ती कुणाची तरी बाळगाडी होती. पलीकडे पोचल्यावर त्या आईने बाळ सांभाळल्याबद्दल माझे आभार मानले. अशा रीतीने, आत्या, मी खरोखर रोझिकाच्या अंगणात पोचलो. ती झाडाखाली विस्तवावर माशांचा हंडा लावून बसली होती. तिचा भाऊ आंताल होता, जेवायला शेजारी होते. म्हटलं, जेवण झालं की टोपी काढायची. ती म्हणाली, ‘शेवया बघून येते, हंड्याकडे लक्ष ठेव.’

आता आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं की माशांच्या हंड्यात डाव घालायचा नसतो. कडी धरून हंडा नुसता हलके हलके फिरवायचा, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. मलाही माहीत आहे गं! पण दलदलीतून डास उठले. साधे नव्हेत. त्या आठवड्यात पेपरात डासांच्या तापाबद्दल आलं होतं आणि माझी झोप उडालेली. एक माझ्या कानात शिरला. मी हाताला लागला तो डाव फिरवला, तो निसटून हंड्यात पडला, आणि तो काढायला मी काठीने ढवळत बसलो. कार्प माशाचा पार लगदा झाला. लगद्यात सगळीकडे काटे. आंतालच्या घशात एक अडकला, त्याचे डोळे पांढरे झाले, शेजाऱ्यांनी पाठीत बुक्के घातले तेव्हा बाहेर आला. रोझिका कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘वात्रो, तू ओसियेकचाच ना रे? का तुला कुणी बेटावरून आणून सोडलंय?’ (माफ कर, आत्या, ती बोलली, मी नाही.) अशा वेळी टोपी कशी काढणार? मी ती कानापर्यंत ओढली आणि तराफा गाठला.

शरदात तराफा बंद आणि धुकं. मी म्हटलं, हे उत्तम, पाणीच दिसणार नाही. निघालो. पुलाच्या मध्यावर समोरून पावलं वाजायला लागली आणि माणूस दिसेना. मी ‘कोण आहे?’ म्हणून ओरडलो, तर त्यानेही तसंच घाबरून विचारलं, ‘कोण आहे?’ एकमेकांना चुकवताना आम्ही दोघं गोल फिरलो. मग मी धीराने चालत राहिलो, पायऱ्या उतरलो, देवमातेचे आभार मानले, टोपी काढली आणि बघतो तर समोर अलीकडच्याच काठावरचं माझ्या न्हाव्याचं दुकान. तो दारात येऊन म्हणाला, ‘या, टोपी काढलीच आहे तर बसा.’ केस कापून घेतले. दुसरं काय करणार?

आणि हिवाळा! द्रावेवर बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटतात, तो आवाज माझ्या उशीपर्यंत येतो. पण यंदा मी त्याने घाबरलो नाही. घाबरलो ते बाजारातल्या बातमीने. रोझिकाचा मुलगा क्रेशो आयर्लंडला असतो ना, तो तिला बोलावतोय. आमची अर्धी गल्ली अशीच गेली, आत्या. खिडक्या बंद, दारं बंद, पत्रं टाकणाऱ्यालासुद्धा काम उरलं नाही. ती बटाटे निवडत सहज म्हणाली, ‘ईस्टरच्या आधी जाते मी. घराला गिऱ्हाईक मिळालंय. इथे माझं कोण आहे?’ आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोललो सांगू? म्हणालो, ‘विमानात कानात कापूस घाल.’ ती सायकलवर बसून गेली.

तर आत्या, असं हे शहर आहे. येऊ नकोस. गुडघे सांभाळ.

तुझा घाबरट भाचा,
वात्रोस्लाव

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण आत्या, तू ये. लगेच ये. मिळेल त्या गाडीने ये. माझा दंड धर आणि मला त्या पुलावरून ने, लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे न्यायचीस तसं. मी रडलो तरी सोडू नकोस. ती गेली तर मी इथे कुणाची वाट बघायची?

दुसरा ता. क. अक्षर वाकडं आलंय, कारण मी आडवा पडून लिहितोय. हे पत्र टाकायला म्हणून आज निघालो, तर नदीकाठावरून पलीकडे दिसलं की रोझिकाच्या दारात ट्रक उभा आहे आणि तिचं मोठं कपाट अंगणात आलंय. मग काय झालं ते मला धड माहीत नाही. सायकलची घंटा वाजली आणि एक म्हातारी ओरडली, ‘अहो, पुलाच्या मधोमध काय उभे राहता, बाजूला व्हा!’ तेव्हा कळलं की मी पुलावर आहे. खाली पाणी होतं. दोन्हीकडे अंतर सारखंच. मी म्हातारीला म्हटलं, ‘बाई, मला भीती वाटते हो.’ ती म्हणाली, ‘मग सायकलला धरा आणि चला, मला उशीर होतोय.’ धरली आणि चाललो.

दारात पोचलो. वर्षभर पाठ केलेलं सगळं विसरलो. टोपी वाटेतच कुठेतरी उडाली होती, त्यामुळे काढायलाही काही नव्हतं. तोंडातून एवढंच निघालं, ‘रोझिका, कपाट आत घे.’ ट्रकवाला हसला. ती नाही हसली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तूच घे.’ मी घेतलं गं आत्या, ट्रकवाल्याने एक बाजू धरली, मी एक, आणि उंबऱ्यावरच माझ्या कमरेत लचक भरली. आता तिच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर पडलोय. ती शेजारी बसून म्हणते, ‘हिवाळाभर मला धास्ती होती की तू येणारच नाहीस, आणि मला खरंच जावं लागेल.’ डोळे पुसत होती. मला वाटायचं, भीती फक्त मलाच वाटते.

तिसरा ता. क. येताना माझ्या घरून रक्तदाबाच्या गोळ्या आणि सपाता घेऊन ये, किल्ली न्हाव्याकडे आहे. मी काही आता पुलावरून परत जात नाही. क्रेशोला फोन करून ती नाही म्हणाली, गिऱ्हाईकालाही. तरी मला चैन नाही. ती अंगणात गेली की मी मान वर करून बघतो, कपाट आत आहे ना.