बीमखालची काच

सुरत, रविवार संध्याकाळ

काच अखंड आहे! इंजिनिअर स्टुलावर चढले, काच चाचपली आणि म्हणाले, "बेन, बीम एकदम सलामत छे." मला तिथेच रडू आलं.

सासूबाईंच्या खोलीत बीमखाली आडवी भेग दिसली तेव्हापासून वाटायचं, स्लॅब खाली येणार. इंजिनिअरांनी भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. बांधकाम सरकत असेल तर ती तडकेल, म्हणाले होते. पोळ्या अर्ध्यावर टाकून मी ती काच बघायला जायचे. सासूबाईंना नंदुरबारला दिराकडे पाठवायचंही ठरवून टाकलं. इतकी घाई का केली मी? त्यांनी त्याच दिवशी पिशवी भरून ठेवली, तेच जास्त टोचत होतं.

भेग बीमला नाहीच. खालच्या विटा घाईने रचलेल्या, त्या नंतर थोड्या खाली बसल्या आणि बीमखाली फट पडली. जाळी लावून प्लास्टर केलं की झालं.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "घर नही हालनं बाई, तूच हालनी व्हती!" किती दिवसांनी हसलो दोघी.

लगेच दिराला फोन केला. "भाऊजी, आईंना न्यायला येऊ नका. त्या इथंच राहणार." फोन ठेवेपर्यंत सासूबाईंनी पिशवीतली लुगडी कपाटात लावायला घेतलीसुद्धा.