बशीतला चहा

केंब्रिज, गुरुवार

बाबा,

तुमच्या एडविनचा नमस्कार. तब्येत ठीक आहे, आईने विणलेले मोजे रोज घालतो. काळ्या गाईला वासरू झालं का?

रविवारी प्राध्यापकांकडे चहाला गेलो होतो. सवयीने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या वर्गातला पेलम म्हणाला, "अरे, या बूरला कपाचा कान सापडेना!" सगळे हसले.

खोलीवर येऊन शब्दकोश उघडला. बूर म्हणजे असभ्य, गावंढळ. पण इंग्रजीत तो आला डचांकडून, पूर्वी हॉलंडहून येऊन आपली पाणथळ रानं कोरडी करणाऱ्या त्याच डचांकडून, आणि मुळात त्याचा अर्थ नुसता शेतकरी. शहरवाल्यांनी त्याची शिवी केली.

खरी गोष्ट अजून सांगितली नाही. ते हसले तेव्हा मी घाबरून म्हणालो, "ही सवय माझी नाही, आमच्या म्हाताऱ्याची आहे." हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

शनिवारी प्राध्यापकांनी आमच्या वर्गाच्या पालकांना चहाला बोलावलंय. येऊ नका असं तुम्हाला लिहिलं होतं, ते पत्र फाडलं. तुम्ही याच. पेलमच्या समोरच बसू. तुम्ही कपाला हात लावायच्या आत माझा चहा बशीत असेल.

तुमचाच,
एडविन