मामूंचं लिव्हरपुली गाणं

मांडवी, रत्नागिरी
जानेवारी १९५९

मोहतरम अहमदमामूंना भाचा गनीचा अदबीचा सलाम. इकडे सगळे खुशाल. बोटीच्या गारठ्यात तुमचा गुडघा कुरकुरतो का, असं अम्मी मला रोज विचारते (जसा काही तो माझ्याच खिशात आहे). तुमच्या बोटीवर माझ्यासाठी खलाशाची जागा धरलीत, हे वाचून ऊर भरून आला. यायचं नसेल तर सरळ सांग, असंही लिहिलंत. सरळ सांगणं आपल्या घरात कुणाला जमलंय, मामू? तरी त्याबद्दल शेवटी लिहितोच.

मधल्या काळात आमच्या 'मांडवी रॉक पार्टी'चा पहिला दौरा झाला. पार्टीत दोघंच. तुम्ही दिलेली गिटार घेऊन मी आणि ढोल घेऊन भागोजी (लग्नाच्या बँडमधून त्याला काढलं, कारण तो वरात पळवत नेतो). गाणंही एकच, मागच्या रजेत तुम्ही पडवीत बसून म्हटलेलं, अस्सल लिव्हरपूलचं. शब्द 'हेला हो, हेला हो' एवढेच कळले होते, पण इंग्रजी गाण्याला याहून जास्त लागत नसावेत.

हर्णै बंदरात आम्ही उतरलो ते भागोजी ओकतच. "बँड आला" म्हणून एका लग्नघरानं आम्हाला धरून वरातीपुढं उभं केलं. ढोलापुढं गिटार ऐकू येईना. भागोजीनं ताल धरला, तशी वरात धावत सुटली आणि नवरदेव घोड्यावर मागं एकटाच राहिला. जेवायला आम्हाला कुणी थांबवलं नाही.

मग बैलगाडीनं मुरुडला गेलो. कार्यक्रमाला कुणीच आलं नाही, कारण सगळं गाव पुळणीवर रापण ओढत होतं, म्हणजे समुद्रात टाकलेल्या लांबलचक जाळ्याचे दोर. उन्हं कलली होती. आम्ही वाळूत बसून आपले आपल्यासाठीच वाजवायला लागलो, आणि पहिल्याच 'हेला हो'ला दोरावरची माणसं आमच्या तालात मागं-पुढं झुलायला लागली. सगळ्यांत पुढं होती म्हातारी हौसा. ती ओरडली, "अरं, ह्या तं आमचा रापनीचा गाना हाय! कोनी शिकवला तुमाला?" मी ऐटीत सांगितलं, लिव्हरपूलचं आहे. हसता हसता ती वाळूत बसली आणि बसल्या बसल्या पुढचं कडवं म्हणाली.

मामू, मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दोर, माणसं, गिटार, पाणी सगळं एकाच श्वासात पुढं येत होतं, मागं जात होतं. मी जागा आहे की झोपेत, ते कळेना. मला फार, फार बरं वाटत होतं. जाळं भरून आलं. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, अशी तिथली रीत. आम्ही हातही लावला नव्हता, तरी हौसानं आमचे वाटे काढले. म्हणाली, "गान्यानं दोर वडलात नं?"

असो. बोटीचं म्हणाल तर तुमचा हुकूम मला शिरसावंद्य. येतो.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
गनी

ता. क. येत नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

आणखी एक ता. क. लहानपणी मुरुडला नानीकडं राहायचा तो अहमद, म्हणजे तुम्हीच, हौसाला आठवतो. म्हणते, दोर सोडून नुसता गात बसायचा. शेवटचं कडवं तिला येत नाही, ते तुम्हीच रचलेलं. मामू, सरळच लिहितो. गुडघा घेऊन घरी या. दोराला माणूस कमी पडतंय.